बारा गळ, दोन पोरं आणि एक तळं

निघायच्या आधी

सुट्टीत पोरांना घेऊन तळ्यावर गरवायला जायचं ठरलं तेव्हा मी विचार केला तो माशांचा. कुठल्या तळ्यात काय मिळतं, कुठल्या महिन्यात काठाला येतं, हेच दोन आठवडे वाचत बसले. शेवटी नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "संडास खोलीला लागून आहे का?" आणि माझ्या यादीतली निम्मी तळी त्या रात्रीच गळाली.

थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. या वयाची पोरं बरोबर असली की तळं निवडायचा हिशेब वेगळा होतो. काठ हळूहळू उतरता हवा, चार पावलांत कमरेएवढं पाणी नको. धक्क्यावर बसून गळ टाकता आला पाहिजे. जवळ मोठ्या झाडाची सावली हवी. आणि माझं हे मत अनेकांना पटत नाही, पण खोलीच्या दारातून पाणी दिसत असलं तरी ते दाराशी नसावं. चार वर्षांचं पोर सकाळी आपल्या आधी उठतं आणि त्याला कडी काढता येते. आम्ही घेतलेली खोली पाण्यापासून पाच मिनिटांच्या चालीवर होती. सामान वाहताना नवरा कुरकुरला खरा, पण मला रात्री झोप लागली.

परवान्याचं आधीच विचारून ठेवलं. मोठ्यांना लागतो का, मुलांना लागतो का, विणीचा हंगाम म्हणून काही बंद आहे का, किती लांबीच्या खालचा मासा परत सोडायचा, जिवंत आमिष चालतं का. हे नियम तळ्यागणिक बदलतात, त्यामुळे "मागच्या वर्षी दुसरीकडे असं होतं" याला काही अर्थ नसतो.

पोरांना मोठ्यांची काठी देऊ नये. आठ फुटी काठी हातात असलेलं लहान मूल पाण्यापेक्षा झाडांतच जास्त मासेमारी करतं. मी चार-साडेचार फुटी दोन काठ्या घेतल्या, बटणवाल्या बंद रिळाच्या. बटण दाबायचं, काठी पुढे करायची, बटण सोडायचं की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सुटते. या रिळाची गोष्ट मी प्रवासात सांगितली आणि ती अकरा वेळा पुन्हा सांगावी लागली. अमेरिकेतल्या तुलसा शहरात 'झिरो अवर बॉम्ब कंपनी' नावाची कंपनी तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे बॉम्ब बनवायची. तिच्याकडे एक घड्याळजी असं रीळ घेऊन आला, आणि १९४९ मध्ये कंपनीने ते बनवायला घेतलं. पुढे त्याच नावातली अक्षरं घेऊन 'झेबको' झालं. धाकट्याच्या डोक्यात यातला 'बॉम्ब' तेवढा राहिला. पुढचे पाच दिवस बटण दाबण्याआधी तो "सगळे बाजूला व्हा!" असं ओरडायचा. ते एका अर्थी बरंच झालं.

तंगूस सहा पौंडी, म्हणजे सहा पौंडांचा ताण सोसणारी. गळ आठ नंबरचे. गळाच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो, आकडा वाढला की गळ लहान होतो. पहिल्यांदा घेणारा इथे हमखास फसतो. बारा गळ घेतले आणि बाराही गळांच्या टोकाशी असलेला उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला. मासे थोडे जास्त सुटतात, सुटू देत. गळ माशाच्या तोंडातून लवकर निघतो आणि माणसाच्या बोटातूनही.

तंगुशीला लावायची वजनं शिशाची घेतली नाहीत, कथलाची घेतली. पोरं वजनं दातांनी चावून बसवतात, माझ्या लहानपणी आम्हीही तेच करायचो. शिवाय तळाशी पडलेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात. ब्रिटनमध्ये राजहंस असे मरायला लागले तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली.

निघायच्या आदल्या रात्री पोरं झोपल्यावर मी माझीही काठी काढली. पुसली, रिळात थेंबभर तेल सोडलं, नवी तंगूस भरली आणि तिच्या कापडी पिशवीत घालून नाडी बांधली. तिच्याशिवाय जाणं मला जमलं नसतं.

दिवस पहिला

पोचलो दुपारी तीनला. पोरांना तेव्हाच्या तेव्हा गळ टाकायचा होता. उन्हाळ्यातली दुपारची तीनची वेळ यासाठी सगळ्यात वाईट, हे मला माहीत होतं. काठाचं पाणी तापलेलं असतं, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. दहा अंशाच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या वर मावतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. मग मोठे मासे खोल जातात, नाहीतर पाणवनस्पतींच्या सावलीत नुसते उभे राहतात. पण दोन तास गाडीत बांधून ठेवलेल्या पोरांना मिलिग्रॅम कोण सांगणार?

पाण्याकडे जाण्याआधी लाइफ जॅकेटची परीक्षा घेतली. जॅकेट घालून सगळे पट्टे लावायचे आणि खांद्याला धरून पोराला वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते मापाचं नाही. धाकट्याचं सरकलं. नशिबाने पायांमधून घ्यायचा पट्टा होता, तो घट्ट केल्यावर बसलं. दंडाला लावायचे हवेचे फुगे आम्ही घरीच ठेवले होते, ती खेळणी आहेत. आणि एक नियम नवऱ्याने घातला, तो मला सगळ्यात आवडला: पाण्याजवळ असताना दोघांपैकी एकाच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी ज्याच्याकडे, त्याने फक्त पोरांकडे बघायचं. फोन नाही, गळ नाही, गप्पा नाहीत. बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही, गुपचूप खाली जातं. दर अर्ध्या तासाने शिट्टी बदलायची. 'दोघंही बघतोय' म्हणजे कोणीच बघत नसतं, हे आम्ही घरात अनेकदा सिद्ध केलेलं आहे.

गळ टाकून वीस मिनिटं झाली. मग धाकट्याने पाण्यात खडा टाकला. मग थोरलीने त्याच्याहून मोठा टाकला. मासेमारी संपली. रात्री दोघं इतकी दमली होती की मी सामान तसंच कोपऱ्यात लोटलं आणि झोपले. गळ मोजले नाहीत, तेवढं चुकलं.

दिवस दुसरा

पहाटे साडेपाचला थोरली उशाशी उभी. धाकटा झोपलेला होता, म्हणून नवऱ्याला त्याच्यापाशी ठेवून आम्ही दोघीच निघालो. आदल्या दिवशीचं तळं आणि हे तळं यांत काही साम्य नव्हतं. वारा नाही, पाण्यावर धूर असल्यासारखी वाफ, आणि काठच्या लव्हाळ्यांपाशी अधूनमधून लहान वर्तुळं उठत होती.

गांडुळांची डबी ओल्या मातीची, झाकणाला भोकं पाडलेली, रात्रभर गार जागी ठेवली होती. थोरलीने आधी डबीत नुसतं बोट घातलं. मग म्हणाली, "तू ओव, मी बघते." अख्खं गांडूळ ओवायचं नाही. नखाएवढा तुकडा घ्यायचा, गळाच्या वाकापर्यंत सरकवायचा आणि टोकाशी थोडं लोंबतं सोडायचं. मोठा घास लावला की लहान मासे लोंबता भाग कुरतडून नेतात आणि तंगुशीला बांधलेलं तरंगतं बूच नुसतं थरथरत राहतं.

बूच पाण्यात बसलं. तिला मी सांगितलं होतं की थरथरलं तर ओढायचं नाही. थरथरलं. ती ओठ चावत माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा थरथरलं, थांबलं. मग बूच बुडालं नाही. कोणीतरी सावकाश हाताने ओढून न्यावं तसं तिरकं डावीकडे चाललं. "आता?" "आता." तिने काठी उचलली ती एकदम खांद्यामागे, आणि मासा पाण्यातून निघून तिच्या डोक्यावरून उडून मागच्या गवतात पडला.

तिच्या तळहाताएवढा चपटा मासा. मी हात ओले केले, तिलाही करायला लावले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा म्हणजे त्याचं कातडीवरचं संरक्षण असतं, कोरड्या हाताने ते निघून येतं आणि मग त्याला रोग लागतात. "मासा बाहेर आहे तोवर आपणही श्वास धरायचा," मी म्हटलं. ही युक्ती मला माझ्या बाबांनी शिकवली. स्वतःचा श्वास कोंडला की मूल घाई करा म्हणून आपणच सांगतं. श्वास कोंडून, गाल फुगवून तिने त्याला निरखलं. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची एक रेघ होती. त्या रेघेने त्याला पाण्यातली हालचाल कळते, म्हणून धक्क्यावर धावायचं नाही. गळ निघाला, मासा पाण्यात गेला, आणि तिने भस्सकन श्वास सोडून विचारलं, "त्याने डोळे का नाही मिटले?"

पापण्याच नसतात. मग तो झोपतो कसा, यावर परतीची पाच मिनिटं गेली. झोपतो म्हणजे एका जागी थांबतो, मंद होतो. तिला ते पटलं नाही. "मला पण डोळे उघडे ठेवून झोपता येतं," म्हणाली.

संध्याकाळी धाकट्याची पाळी. चार वर्षांच्या मुलाला मासा लागेपर्यंत बसवणं अशक्य आहे, त्यामुळे बसवूच नये. त्याला मी कामं दिली: डबी धरणं, जाळीने पाणी ढवळणं, बूच दिसतंय का ते सांगणं. आठव्या मिनिटाला त्याने बुचाकडे पाठ फिरवली आणि लव्हाळ्याच्या काडीवर त्याला काहीतरी सापडलं. तपकिरी, कागदासारखं, पाठीवर उभी चीर असलेलं, सहाही पायांनी काडीला घट्ट धरलेलं. चतुराची कात. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, कधी काही महिने, कधी काही वर्षं, आणि एके दिवशी काडीवर चढून पाठ फोडून पंख घेऊन बाहेर येतं. आतून चिरेच्या कडेला पांढरे धागे लोंबत होते. ती श्वासाच्या नळ्यांची अस्तरं, तीसुद्धा कातीबरोबर निघून येतात. धाकटा कुजबुजला, "आत कोणी नाहीये." पुढचा पाऊण तास आम्ही गळ गुंडाळून काती शोधल्या. सात सापडल्या. माशांच्या हिशेबात शून्य.

त्या रात्री मी गळ मोजले. डबीत आठ. पोरांच्या काठ्यांना दोन. एक दुपारी थोरलीने झाडावर लटकवला होता, तो अजून तिथे दिसत होता. झाले अकरा.

पुन्हा मोजले. मग गादी झटकली, गाडीतल्या चटया बाहेर काढल्या, टॉर्च घेऊन धक्का पालथा घातला. बारावा नाही. हरवलेला गळ पोराच्या तळपायातच सापडतो असं मला लहानपणी सांगितलं गेलंय, आणि ते मी तेवढ्याच आवाजात पोरांना सांगितलं. कोणी डबी उघडली? कोणी हात लावला? दोघंही नाही म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. फर्मान निघालं: आजपासून कोणीही अनवाणी चालायचं नाही, खोलीतसुद्धा. थोरलीला वही दिली, रोज रात्री तिने गळ मोजून लिहायचे. तिने रडक्या डोळ्यांनी पहिली ओळ लिहिली. 'डबीत ८, काठीला २, झाडावर १. एकून ११.' 'एकूण'चं शुद्धलेखन मी त्या रात्री सोडून दिलं.

दिवस तिसरा

नाश्ता होतो न होतो तोच गडगडाट. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि उघड्या पाण्याजवळ ती काठी उभी धरणं म्हणजे आमंत्रण. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही, आणि मधे पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. तो दिवस घड्याळ शून्यावर आणण्यातच गेला.

खुर्चीच्या पायाला जाड दोरी बांधून गळाची गाठ शिकवली. टोक गळाच्या डोळ्यातून घालायचं, दोरीभोवती पाच वेढे, मग टोक पहिल्या फाशातून आणि नंतर झालेल्या मोठ्या फाशातून काढायचं. आवळण्याआधी थुंकी लावायची, नाहीतर घर्षणाने तंगूस तापून तिथेच कमजोर होते. थुंकीचा भाग धाकट्याने मनापासून केला. डासांचं औषध लावलेल्या हाताने मी चष्म्याची डबी उचलली, तर तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. त्या औषधातलं डीईईटी नावाचं रसायन काही प्लास्टिकं चक्क विरघळवतं. नोंद: 'डबीत ८, काठीला २, झाडावर १.' झाडावरचा गळ वादळातही पडला नव्हता.

दिवस चौथा

होडी एक तासासाठी घेतली. एक तास पुरे. लहान पोरांसह होडीत गळ टाकायचा असेल तर एका वेळी एकच काठी बाहेर, आणि उभं कोणीही राहायचं नाही. चष्मे सगळ्यांना सक्तीचे. पाण्याची चकाकी कमी करणाऱ्या काचा असल्या की आतला मासा दिसतोही, पण खरं कारण डोळा वाचवणं. ते कारण चाळिसाव्या मिनिटाला समोर आलं. धाकट्याने "सगळे बाजूला व्हा!" म्हणून काठी मागे घेतली, होडीत बाजूला व्हायला जागाच नव्हती, आणि गळ माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. काटा दाबलेला होता म्हणून तसाच मागे ओढून निघाला. रक्ताचे दोन थेंब. काठावर येऊन साबणाने धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते नवऱ्याला बरोबर आठवलं. धाकटा मात्र माझ्याहून जास्त रडला.

दुपारी तो गप्प होता. संध्याकाळी धक्क्यावर त्याने काठी हातात धरायला नकार दिला, म्हणून ती फळीवर ठेवून मी त्याच्याजवळ बसले. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या काठीचं बूच पाण्याखाली नाहीसं झालं. ओढायला उशीर झाला होता, माशाने गळ घशापर्यंत गिळला होता. अशा वेळी ओढाताण करायची नाही, तंगूस तोंडाशी कापून मासा सोडला तर तो बऱ्याचदा जगतो. पण याच्या कल्ल्यांतून रक्त येत होतं. हा जगणार नव्हता. मी लांबी मोजली, ठेवायला चालणारी होती.

"मग खायचा," धाकटा म्हणाला. थोरली उठून पायऱ्यांवर जाऊन बसली, पाठमोरी. मी तिला बोलावलं नाही. नवऱ्याने धाकट्याला खोलीवर नेलं, मी डोक्यावर एक घाव घालून मासा मारला आणि फळीवर साफ करायला घेतला. पोट उघडलं तेव्हा आत गोगलगाईंचे बारीक शंख होते, मोहरीएवढे, आणि अर्धवट पचलेली एक चतुराची अळी. "आत काहीतरी आहे," मी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं. पावलं वाजली. ती शेजारी येऊन उकिडवी बसली. तिने काडीने शंख मोजले. मग मी एक खवला धुऊन तिच्या भिंगाखाली धरला. त्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वळी असतात, थंडीत दाट, उन्हाळ्यात विरळ. तिने तीन दाट पट्टे मोजले. "म्हणजे हा धाकट्यापेक्षा लहान," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मी खाणार नाही." नाही खाल्ला. धाकट्याने दोन घास खाल्ले आणि झोपला, पायात चपला घालून. अनवाणी चालायचं नाही हा नियम त्याने झोपेलाही लावला होता, आणि दोन दिवस आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

घशातला गळ परत मिळाला. थोरलीने तो धुऊन वहीत मांडला. एकूण ११.

दिवस पाचवा

सामान आदल्या रात्रीच आवरलं होतं. जाळी, बादली, पोरांचे बूट धुऊन कडक वाळवले, एका तळ्याचं पाणी, चिखल नाहीतर वनस्पतीचा तुकडा दुसऱ्या तळ्यात जायला नको म्हणून. उरलेली गांडुळंही काठावर सोडायची नाहीत. ती बंद डबीत परत.

पहाटे पाचला मी एकटीच उठले. चार दिवस कोपऱ्यात उभी असलेली माझी काठी घेतली. एक तास, फक्त माझा. धक्क्याच्या टोकाशी बसून पिशवीची नाडी सोडली, काठी ओढली, तर ती निघेना. कापडात कशाला तरी अडकली होती. पिशवी उलटी केली.

आठ नंबरचा गळ. काटा दाबलेला. पाच वेढ्यांची गाठ, माझ्याच हातची. निघायच्या आदल्या रात्री, नवी तंगूस भरल्यावर, पोचल्या पोचल्या टाकता यावा म्हणून मीच बांधून ठेवला होता, आणि साफ विसरले होते.

मी तशीच बसून राहिले. लव्हाळ्यांपाशी वर्तुळं उठत होती. गळ मात्र टाकला नाही. काठी घेऊन खोलीवर आले. थोरली जागी होती, गादीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. मी काठी तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. त्या रात्री जे बोलले त्याबद्दल चुकले म्हणाले. तिने गळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. धाकट्याच्या गादीपाशी गेली, त्याची झोप न मोडता त्याच्या दोन्ही चपला काढल्या आणि कोपऱ्यात नीट लावल्या. मग वही उघडून लिहायला बसली.

'डबीत ८. काठीला २. झाडावर १. आईकडे १. एकून १२.'